आधी सब्बल, मग टर्फ

बाबू, खेळाच्या कोर्टासाठी टर्फचा, म्हणजे कृत्रिम गवताचा, भाव विचारायच्या आधी सब्बल घे आणि घरामागच्या सांदवाडीत तीन ठिकाणी दोन-दोन फूट खोदून बघ. एक खड्डा घराच्या भिंतीपासून जरा दूर, एक मधोमध, एक कंपाउंडच्या कोपऱ्यात. वरून सगळी जमीन सारखीच दिसते. खाली मात्र एकीकडे घर बांधताना पुरलेला विटांचा चुरा आणि सिमेंटच्या पिशव्या निघतील, दुसरीकडे चिकट काळी माती, आणि मधेच कुणी कधीतरी बुजवलेला चुन्याचा खड्डा. पुढे कोर्ट जिथे खचणार, ती जागा आज त्या खड्ड्यांत दिसते.

आपल्या भंडाऱ्याकडे मातीची नावं शेतकऱ्यांनीच पाडून ठेवली आहेत: कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बर्डी. बर्डी लागली तर तू नशीबवान. तांबूस, खडेमिश्रित, पाणी पिणारी. कन्हार किंवा मोरांड लागली तर सावध राहा. ही काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट कोबा टाकलास तर दोन उन्हाळ्यांत तडकेल, आणि थेट टर्फ अंथरलास तर जमीन हलेल तसा तोही लाटा घेईल. सिहार या दोन्हींच्या मधली, पण धानाची माती आहे हे विसरू नकोस.

खरी अडचण इथेच आहे. भंडारा, तुमसर, साकोली, लाखनी या गावांच्या कडेने जी नवी लेआउटं पडली, त्यांतली कितीतरी जमीन काल-परवापर्यंत धानाची बांधी होती. पिढ्यानपिढ्या चिखलणी झालेल्या बांधीत नांगराच्या फाळाखाली एक घट्ट थर बसतो. तो पाणी खाली उतरू देत नाही आणि धानाला नेमकं तेच हवं असतं. तुझ्या आजोबांनी मला बांधीत पाणी कसं धरून ठेवायचं ते शिकवलं. तुला त्याच जमिनीतून पाणी कसं काढून द्यायचं ते शिकावं लागेल. टर्फचा रंग, जाडी, कंपनी हे सगळं त्यानंतरचं.

खोदलेल्या खड्ड्यांत पाणी भर. पहिलं पाणी मातीला पिऊ दे, मग पुन्हा भर आणि काडीवर खूण करून तासाभराने बघ. वीतभर उतरलं तर शोषखड्डा चालेल. बोटभरच उतरलं तर जमिनीच्या भरवशावर राहू नकोस, पाण्याला बाहेरची वाट शोध. आणि हीच परीक्षा श्रावणात पुन्हा कर. आपल्या भागात, विशेषतः तलावाच्या किंवा बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खालच्या अंगाला, भाद्रपदात विहिरी काठोकाठ येतात. फाल्गुनात घटाघटा पाणी पिणारा शोषखड्डा तेव्हा स्वतःच भरलेला असतो, आणि कोर्टाला त्याची गरज तेव्हाच असते.

नदीकाठच्या वस्तीत राहत असशील तर आणखी एक चौकशी कर. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला, तेव्हा पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचार. भिंतीवरची खूण अजून दाखवणारे लोक आहेत. त्या खुणेखाली जागा येत असेल तर माझं सांगणं, टर्फ करूच नकोस. पुराचं पाणी ओसरतं, पण त्यातला गाळ टर्फच्या मुळाशी बसला की तो कितीही धुतला तरी निघत नाही. तिथे मातीचंच मैदान बरं, पूर गेला की पुन्हा चोपून घेता येतं.

आता खेळाचं बोलू. "सगळे खेळ खेळता येतील असा टर्फ" असं कुणी सांगितलं तर मान डोलाव आणि दुसऱ्याकडे जा. फुटबॉलला ५० मिलिमीटरच्या आसपास उंच पातं लागतं. टेनिस किंवा पिकलबॉलचा चेंडू त्यावर उसळणारच नाही. त्यांना १२-१५ मिलिमीटरचं आखूड पातं किंवा सरळ काँक्रीटवर ॲक्रिलिकचा रंग हवा. क्रिकेटच्या नेटची पट्टी आणखी आखूड पात्याची, खाली कोबा. बॅडमिंटनला टर्फचा काही उपयोग नाही. पोरं टेनिस बॉलने क्रिकेट खेळणार, मधून फुटबॉल लाथाडणार, तर ३० ते ३५ मिलिमीटरवर थांब. आणि कबड्डी टर्फवर कधीच खेळू देऊ नकोस. चढाईत अंग घसटलं की प्लास्टिकच्या पात्यावर कातडी सोलून निघते, गुडघे-कोपरांवर भाजल्यासारखे चट्टे उठतात. कबड्डी आणि आट्यापाट्या मातीतच राहू देत. त्यासाठी सांदवाडीचा एक तुकडा मोकळा सोड. सगळी जमीन प्लास्टिकखाली घालायला माझं मन कधीच तयार होणार नाही.

पृष्ठभाग बदलला की खेळही बदलतो, हे आपल्या देशाने हॉकीत पाहिलं. १९७५ साली क्वालालंपूरला गवतावर आपण विश्वचषक जिंकला, आणि पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली तेव्हा सातवे आलो. पराभवाला कारणं अनेक असतील, पण चेंडूचा वेग बदलला होता हे सगळ्यांनी पाहिलं. घरच्या कोर्टावर शिकलेलं पोर उद्या तालुक्याच्या मातीच्या मैदानावर उतरणार आहे, तेव्हा त्याला दोन्हींची सवय असू दे.

जागेचं माप ठरवताना रोलचं माप लक्षात घे. खेळाचा टर्फ बहुधा ४ मीटर रुंद आणि २५ मीटर लांब रोलमध्ये येतो. ४ मीटर म्हणजे १३ फुटांहून दीड इंच जास्त. तुझ्या मनात २५ बाय ४० फूट आहे, ते २६ बाय ४० कर. एकाच रोलचे दोन सारखे तुकडे शेजारी-शेजारी बसतील, वाया फारसं काही जाणार नाही, सांधा एकच येईल, आणि एकाच रोलचा माल असल्याने हिरव्याच्या दोन छटा दिसणार नाहीत. तो सांधा बरोबर मधोमध, लांबीच्या दिशेने पडेल. म्हणून बॉलिंगची रेघ मधे न आखता एका बाजूला सरकव, म्हणजे टप्पा सांध्यावर पडणार नाही. शक्य असेल तर कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेव. संध्याकाळचा सूर्य बॅट्समनच्या डोळ्यांत गेला की खेळाचा निम्मा आनंद तिथेच जातो.

कामाचा मुहूर्त घड्याळावर नाही, शेतीच्या कामांवर ठरतो. आषाढात रोवणी लागली की एक मजूर मिळत नाही, रेजा, म्हणजे बाई मजूर, तर नाहीच नाही. कार्तिकात धान कापणी आणि चुरणी. चैत्रात मोहफुलं, मग तेंदूपत्ता. राहिले पौष, माघ आणि फाल्गुन. त्या दिवसांत खोदाई आणि पाया उरकून घे, पण टर्फ तेव्हा घालू नकोस. जुने मिस्त्री म्हणायचे, भरावाला एक पावसाळा खाऊ द्या. मला त्याहून मोलाचं सांगण्यासारखं फारसं काही ठाऊक नाही. गिट्टीपर्यंत काम आणून थांब. एक पूर्ण पावसाळा त्यावरून जाऊ दे. जिथे पाणी साचतं, जिथे जमीन दबते, जिथून उंदीर माती उकरतो, ते सगळं आश्विनापर्यंत स्वतःहून वर येतं. मग दिवाळी झाली, कापणी झाली, मंडईची जत्रा आटोपली, हवा कोरडी झाली, की वरचा थर आणि टर्फ. ठेकेदार म्हणेल, चार दिवसांत सगळं करून देतो. देईलही. पण चार दिवसांत बसलेला भराव पहिल्या श्रावणात पुन्हा बसतो.

पाया असा कर. ८ इंच खोद. २६ बाय ४० मध्ये साधारण ७ ब्रास माती निघेल आणि सुटी झाली की फुगून त्याहून जास्त होईल; ती कुठे टाकायची ते आधीच ठरव. काळी माती भाजीच्या वाफ्यांत जाऊ दे, रस्त्यावर ढीग नको. तळ धुमसाने चोपून घे आणि त्या तळालाच उतार दे. हे फार लोक चुकतात. तळ सपाट ठेवतात आणि उतार फक्त वरच्या थराला देतात. पाणी गिट्टीतून खाली गेलं की सपाट तळावर ते उभं राहतं, आणि काळी माती खालून भिजून फुगते. शंभर फुटांना एक फूट हा हिशोब धर, म्हणजे २६ फुटांच्या रुंदीत तीन इंचांच्या वर. उतार घरापासून दूर. तो डोळ्याने ठरवू नकोस; पाणी भरलेला लेव्हल पाईप दोन टोकांना धर, खुंट्यांवर खुणा कर आणि सुतळी ताण.

पाण्याला वाट देण्याचा धडा जुनाच आहे. आपल्याच भागात कोहळी लोकांनी तलाव बांधले. नवेगाव बांध त्यांचाच, पूर्वी तो भंडारा जिल्ह्यात होता. त्या तलावांकडे पाहताना लोक पार, म्हणजे बांध, बघतात, पाण्याचा विस्तार बघतात. मी नेहमी सलंग, म्हणजे जादा पाण्याची वाट, बघतो. पाणी कुठून निघून जाणार हे त्यांनी आधी ठरवलं होतं, म्हणून पार टिकली.

तळावर न विणलेलं जाड पांढरं कापड येतं, जिओटेक्स्टाइल म्हणतात, ते अंथर. जोडाला फूटभर एकावर एक घे. काळ्या जमिनीत हे टाळून चालत नाही, कारण ओली माती गिट्टीच्या फटींतून वर चढते आणि तीन-चार वर्षांत गिट्टीचा चिखल होतो. त्यावर ४० मिलिमीटरची गिट्टी, मग २० ची, मिळून ६ इंच. हिशोबाने सव्वापाच ब्रास लागतील, पण रोलरखाली दबते म्हणून साडेसहा सांग. तीन-तीन इंचांचे थर घालून प्रत्येक थर वेगळा दाब. प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो, कडांना मात्र धुमसच लागतो. पावसाळा गेल्यावर वर दीड इंच दगडाची चुरी, जरा पाणी शिंपडून दाबलेली. ती झाली की दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी सगळीकडे फिरव. पट्टीखाली पाव इंचाहून जास्त फट दिसली तर तिथे चुरी भर. टाच जोरात दाबून बघ, खूण उमटली तर अजून दाबायचं आहे.

खालच्या कडेला गिट्टीतच ४ इंची छिद्राचा पाईप टाक आणि तो एका छोट्या चेंबरमध्ये सोड. चेंबरच्या तोंडावर बारीक जाळी बसव. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर या कोर्टावर साडेनऊ हजार लिटरच्या वर पाणी पडतं, आणि आपल्याकडे असा दिवस पावसाळ्यात येतोच. एवढं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीशी सोडलंस तर भांडण विकत घेशील. नालीत सोड, किंवा विहीर असेल तर गाळून तिच्या पुनर्भरणाला वळव. मात्र टर्फमध्ये टायरचा चुरा भरलेला असेल तर ते पाणी विहिरीत घालू नकोस.

त्या चुऱ्याबद्दल माझं मत ठाम आहे. जुन्या टायरांचे काळे दाणे टर्फच्या पात्यांत भरतात, पडलं तरी लागत नाही म्हणून. मोठ्या मैदानावर ठीक. घराच्या मागे, जिथे रांगतं लेकरू येऊन बसेल आणि हाताला लागेल ते तोंडात घालेल, तिथे नको. उन्हात त्याचा वास येतो, पायाला लागून ते घरभर पसरतं, पावसात वाहून नालीत जातं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मैदानात भरायच्या अशा प्लास्टिक-रबरी दाण्यांच्या विक्रीवर बंदीचा नियम केला आणि मैदानांना बदलायला २०३१ पर्यंत मुदत दिली. आपण आजच नवीन करतोय, तर आजच टाळू. नुसती सिलिका रेती भर.

दारात वैनगंगेची रेती पडलेली असते, तीच भरू का, असं तू विचारशील. नको. बांधकामाला ती उत्तम, पण तिच्यात गाळ असतो. तो गाळ पहिल्या पावसात खाली बसतो आणि टर्फची भोकं बुजवतो. धुतलेली, वाळवलेली, गोल दाण्याची सिलिका घे. चौरस मीटरला १५ ते २० किलो धरलं तर दीड ते दोन टन लागेल. ही रेती वजनाने टर्फ धरून ठेवते आणि पातं उभं राहतं. ती एकदम ओतायची नाही. पातळ थर टाकायचा, पात्यांच्या उलट दिशेने ताठ ब्रशने झाडायचं, मग दुसरा थर. रेती आणि टर्फ दोन्ही कोरडे हवेत. सकाळच्या दवात हे काम सुरू करू नकोस, दहा वाजेपर्यंत थांब.

खांब, नेट आणि दिव्यांच्या वायरीचे पाईप हे सगळं गिट्टीच्या आधी. टर्फ घातल्यावर खांबासाठी खोदलेला खड्डा म्हणजे नव्या धोतराला पाडलेलं भोक. ३ इंची जीआय पाईप, दहा-दहा फुटांवर, तीन फूट खोल काँक्रीटमध्ये. मे महिन्यातलं वादळ नेटला शिडासारखं ओढतं, तेव्हा खोली कमी करू नकोस. कडेला लाकडी पट्टी लावायची पद्धत बाहेर आहे. आपल्याकडे वाळवी ती एका वर्षात फस्त करेल. विटांची किंवा काँक्रीटची कड बांध आणि तिच्या आतल्या अंगाला बारीक लोखंडी जाळी जमिनीत फूटभर उतरव, म्हणजे उंदीर-घुशी खालून पोखरणार नाहीत.

नायलॉनचं नेट जमिनीपर्यंत आणू नकोस. धामण त्यात अडकते, सोडवायला जावं तर ती आणखी गुंतते, आणि तडफडून मरते. शेतातले उंदीर खाणारा तो साप आपल्या कामाचा आहे. खालचे दोन फूट वेल्डमेश लाव, नेट त्याच्या वर. वानरं येतात त्या वस्तीत वरचं नेटही जरा जाड दोऱ्याचं घे. एक टोळी झोके घेऊन गेली की स्वस्त नेटच्या चिंध्या होतात.

टर्फ निवडताना दुकानातल्या दिव्याखाली बघू नकोस. दोन-तीन ठिकाणचे वीतभर नमुने माग आणि फाल्गुनातच गच्चीवर ठेव, प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर वीट. पाया पावसाळा खाणार, त्याआधी नमुने उन्हाळा खाऊ देत. जून लागला की वीट उचल. झाकलेला आणि उघडा भाग यांच्या रंगात डोळ्यांना फरक दिसला, किंवा उघडं पातं नखाने मोडलं, तर तो माल आपल्या उन्हाचा नाही. दुसरी परीक्षा, तुकडा रात्रभर बादलीत बुडवून सकाळी मागची बाजू खरवड; थर सुटून नखात आला तर पावसाळ्यात सुटणारच. तिसरी, चार-पाच पाती पकडीत धरून ओढ. मुळासकट उपटून आली तर परत कर. "यूव्ही गॅरंटी" तोंडी चालत नाही. बिलावर वर्षं आणि रोल नंबर लिहून घे.

अंथरताना रोल आधी दोन-तीन तास उलगडून उन्हात पडू दे, वळ्या जातात. दोन्ही तुकड्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, नाहीतर एक पट्टा फिका आणि एक गडद दिसतो. सांध्याखाली टेप, त्यावर पीयूचा गोंद. दोन कडांमध्ये नखाएवढीसुद्धा फट नको आणि कडा एकमेकींवर चढायलाही नकोत. गोंद लावल्यावर एक दिवस पोरांना फिरकू देऊ नकोस. या कामाला बाकी फार कौशल्य लागत नाही, घाई न करणारा माणूस लागतो.

आता उन्हाचं. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतो. कृत्रिम गवताचं नाव झालं ते १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये, छपराखाली खरं गवत जगेना म्हणून. ज्या वस्तूची कीर्ती छपराखाली झाली ती आपण नवतप्याच्या उन्हात ठेवतो आहोत. यूटा राज्यातल्या ब्रिघम यंग विद्यापीठाने २००२ मध्ये आपलं मैदान मोजलं, तेव्हा हवा ३७ अंशांच्या आसपास असताना टर्फचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेला होता. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ च्या घरात असते. पाणी मारलं की थंड होईल, असं वाटतं. त्यांनी तेही करून पाहिलं. ७९ अंशांचा पृष्ठभाग पाण्याने २९ वर आला. पाच मिनिटांत ४९, वीस मिनिटांत पुन्हा ७३. म्हणजे मे महिन्यात, जेव्हा विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हा टर्फ भिजवण्यात ते घालवणं हा गुन्हाच.

म्हणून मार्च ते जून सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर दीड-दोन तासांनीच खेळ. अनवाणी नाही. मुलं ऐकत नाहीत, म्हणून कोर्टाच्या दाराला कडी आणि कुलूप. खेळायच्या आधी हाताचा पालथा पंजा टर्फवर टेकवून मनात दहा मोजायचे. धरवला नाही तर खेळ नाही, हा नियम घरातल्या लहानातल्या लहान पोराला शिकव. पश्चिमेकडून हिरव्या नेटची सावली केलीस तर बरंच हलकं होईल. झाडाची सावली त्याहून चांगली, पण मोहाखाली किंवा चिंचेखाली कोर्ट करू नकोस. मोहाची फुलं चिकटतात, मुंग्या आणतात. चिंचेची बारीक पानं पात्यांत शिरून कुजतात. कडुलिंब दहा-बारा फुटांवर असेल तर चालेल, मात्र फाल्गुनात रोज झाडावं लागेल.

एक गोष्ट तुझ्या मोठीआईने सांगायला लावली आहे. सांदवाडी आजवर बायकांची होती. तिथे कुरोड्या, पापड, सांडया वाळल्या, हळद वाळली, मिरच्या वाळल्या, पाहुणे आले की चूल मांडली. टर्फ झाला की ही सगळी कामं जागा हरवून बसतात. मग कुणीतरी साडी अंथरून टर्फवरच मिरच्या टाकतं, आणि दुसऱ्या दिवशी पोराच्या डोळ्यांत तिखट जातं. काम सुरू व्हायच्या आधी सूनबाईला विचार, तिला कुठे किती जागा हवी. उन्हाचा एक पक्का पट्टा, निदान सहा फुटांचा, कडेने सोड आणि तो तिच्या नावाचा ठेव. लग्नाचा मांडव, आचाऱ्याची भट्टी टर्फवर येणार नाही हेही आत्ताच घरात ठरव. दिवाळीला अनार आणि फुलझड्या समोरच्या अंगणात. एक ठिणगी पडली तर पातं वितळून काळा डाग पडतो, तो कशानेही जात नाही.

रात्रीचे दिवे लावशील तर भाद्रपद-आश्विनात धानावरचे हिरवे तुडतुडे त्या उजेडावर ढगासारखे येतील. पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लाव, कोर्टाच्या डोक्यावर न लावता खांबावर बाहेरच्या बाजूने आत झुकवून, आणि त्या दिवसांत अंधार पडायच्या आत खेळ आटप. रात्री चेंडूचा आवाज शेजारच्या घरात जातो. तिथे म्हातारं माणूस किंवा परीक्षेचं पोर आहे का, ते विचारून वेळ ठरव.

देखभाल थोडी आहे, पण नेमाने लागते. आठवड्यातून एकदा ताठ ब्रश पात्यांच्या उलट दिशेने. गोलरक्षक उभा राहतो तिथली आणि बॅट्समनच्या पायाखालची रेती सरकते, तिथे महिन्याला घमेलंभर टाकायची. चेंबरची जाळी रोहिणी लागण्याआधी एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला काढून धुवायची. कोपऱ्यात शेवाळ धरलं तर खराट्याने घासून ऊन लागू द्यायचं. ॲसिड किंवा रॉकेल कधीच नाही. कधीतरी टर्फ संपेल, आठ-दहा वर्षांत, आपल्या उन्हात कदाचित त्याच्याही आधी. तेव्हा तो पेटवू नकोस, त्याचा धूर विषारी असतो. पाया नीट केला असशील तर गिट्टी आणि पाईप तसेच राहतील, वरचा रोल तेवढा बदलायचा.

पैशांचं आधी लिहून घे. खोदाई आणि पाया यांचे पैसे वेगळे, टर्फ आणि बसवणुकीचे वेगळे. दोन्ही कामं एकाच ठेकेदाराची असली तरी बिलं दोन. पायाचं शेवटचं देणं पावसाळा झाल्यावर, खचलेल्या जागा त्याच्याकडून भरून घेऊन. टर्फचे शेवटचे दहा टक्के पुढच्या आषाढातला पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत हातात ठेव, आणि तसं कागदावर त्याची सही घे. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने त्याला बोलाव, दोघं मिळून कोर्टावर चाला. बुटाखाली कुठे पाणी चपचपलं नाही, चेंबरमधून धार येत असली, सांधा उचललेला नसला, तर तिथेच त्याचे पैसे चुकते कर आणि चहा पाज.